दंड भरतो, पण उंची अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीचं मैदान जवळ आलं, की सांगली-साताऱ्याच्या तालुक्यांतून एक प्रश्न डॉक्टरांकडे हमखास येतो : "पोरगं चौदाचं झालं, अंग भरत नाही, एखादं हार्मोनचं इंजेक्शन चालेल का?" विचारणारा कधी बाप असतो, कधी मामा. काही ठिकाणी जिममधल्या कुणी तरी न विचारताच दिलेलंही असतं. शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराला 165 सेंमी उंची लागते. छाती न फुगवता 79 सेंमी आणि फुगवून आणखी 5. छातीसाठी घेतलेलं इंजेक्शन त्याच पोराला उंचीत बाद करू शकतं, हे मात्र त्या बापाला कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

नराच्या अंगात हार्मोन काय करतं, हे आटपाडी, जत, माणच्या शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको. खिलार खोंड लहानपणीच बडवला तर वशिंड भरत नाही, मान बारीक राहते, स्वभाव थंड होतो. पण पाय लांब होतात, शिंगंही लांब जातात. खरसुंडीच्या यात्रेत वळू आणि बैल शेजारी शेजारी बांधलेले असले, तर नवख्यालाही फरक कळेल. वशिंड का भरलं नाही, याचं कारण कुणीही सांगतो. पाय लांब का झाले, हे कुणी विचारत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

1849 साली जर्मनीत बर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्याचे वृषण काढून त्याच्याच पोटात दुसऱ्या जागी बसवले. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणं थांबतं; या कोंबड्याचा तुरा मात्र टवटवीत राहिला. जुन्या नसांशी काही जोड उरली नव्हती, म्हणजे जे काही जात होतं ते रक्तातून जात होतं. ते द्रव्य शुद्ध रूपात हाती यायला 1935 उजाडलं. बैलांचे सुमारे 100 किलो वृषण वापरून जेमतेम 10 मिलिग्रॅम मिळालं. तेच टेस्टोस्टेरॉन.

त्याचं काम आईच्या पोटातच सुरू होतं. सहा-सात आठवड्यांपर्यंत मुलगा-मुलगी दोघांची जननग्रंथी सारखीच असते. वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या इशाऱ्याने मुलात तिचे वृषण बनतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन पाझरू लागतं. त्यातून वीर्यवाहिन्या तयार होतात. लिंग, अंडकोषाची पिशवी आणि प्रोस्टेट यांना मात्र नुसतं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. तिथल्या पेशी त्याचं रूपांतर डीएचटी नावाच्या अधिक जोरकस हार्मोनमध्ये करतात. पुढे हाच डीएचटी दाढी आणतो, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या डोक्यावरचे केसही नेतो.

वृषण पोटातून खाली पिशवीत उतरतात, तेही हार्मोनच्याच जोरावर, सातव्या-आठव्या महिन्यात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांत शंभरातल्या सुमारे तिघांची एक अंडगोळी जन्मताना जागेवर नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त. बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतर उतरण्याची आशा फारशी नसते, म्हणून तेव्हाच बालशल्यचिकित्सकाला दाखवावं आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया उरकावी. आपल्याकडे ते "मोठा झाला की येईल खाली" म्हणत शाळेपर्यंत राहतं. पोटातली उष्णता पिशवीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते. तिथे शुक्रबीजाच्या पेशी वर्षागणिक कमी होतात आणि पुढे त्या वृषणात कर्करोगाचा धोकाही वाढतो. घरी बघायचं तर बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घातल्यावर, गरम हाताने, मांड्या फाकवून बसवून बघावं. थंड हात लावला की चांगली उतरलेली गोळीही वर पळते आणि घरात उगाच घबराट होते.

जन्मानंतर पहिले काही महिने टेस्टोस्टेरॉन एकदा वर चढतं, मग आठ-दहा वर्षं जवळजवळ झोपून राहतं.

आता वयात येण्याकडे वळू, कारण घोळ इथेच होतो. घरचे लोक मिसरूड बघतात. डॉक्टर बघतात अंडगोळी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून पिट्युटरी ग्रंथीला थोड्याथोड्या वेळाने संदेश जाऊ लागतात, सुरुवातीला फक्त झोपेत. पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते आणि वृषण वाढू लागतात. त्यांचं आकारमान 4 मिलिलिटर झालं, म्हणजे साधारण लहान बोराएवढं, की मुलगा वयात यायला लागला असं आम्ही धरतो. मोजण्यासाठी चढत्या आकाराच्या मण्यांची माळ असते, 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंत; एका हाताने मणी, दुसऱ्या हाताने वृषण चाचपून ताडायचं. यंत्र नाही, वीज नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. मुलांत ही सुरुवात 9 ते 14 वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते, आणि ही सगळीच रेंज नॉर्मल आहे. म्हणजे एकाच बाकावरची तेरा वर्षांची दोन पोरं, एक बाप्या दिसतो आणि एक चौथीतला, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात.

त्यानंतर जांघेतले केस, लिंगाची वाढ, मग आवाज फुटणं. उंचीची मोठी झेप मुलांत मधल्या टप्प्यावर येते, वृषण 10-12 मिलिलिटर झाले की, सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास; त्या एका वर्षात पोरगं 9-10 सेंमी वाढतं आणि चपला दोनदा बदलाव्या लागतात. दंड-छाती भरणं हे त्याच्याही नंतर, उंचीची झेप ओसरता ओसरता. दाढी तर सगळ्यात शेवटी. क्रम असा आहे : आधी लांबी, मग भर. चौदाव्या वर्षी काडीसारखा दिसणारा मुलगा बहुतेक वेळा आजारी नसतो, तो झेपेच्या मध्यावर असतो. त्याच वेळी त्याला भर आणायला इंजेक्शन दिलं की झेप मध्येच तुटते. कशी, ते सांगतो.

हात-पायांच्या लांब हाडांच्या टोकाशी कुर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांब होतं ते या चकतीत. ती चकती हाडात विरून गेली की उंचीचा हिशेब संपला. मग लटकून, दोऱ्या ओढून, पावडरी खाऊन काही होत नाही. ही चकती कोण बुजवतं? पुरुषातही ती बुजवतं ते इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच्याच एका भागाचं इस्ट्रोजेन बनतं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशी इस्ट्रोजेनला दाद देत नव्हत्या. टेस्टोस्टेरॉन होतं, दाढी होती, पण उंची 204 सेंमी, आणि हाडं अजून पंधरा वर्षांच्या मुलाइतकीच उघडी. बडवलेल्या बैलाचे पाय लांब का, याचंही उत्तर इथेच : वृषण नाहीत, टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून त्यातून होणारं इस्ट्रोजेनही नाही, आणि चकती उशिरापर्यंत उघडी. चौदा वर्षांच्या मुलाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरलं की बरोबर याच्या उलट होतं. पहिले काही महिने तो झपाट्याने वाढतो, सगळे खूश. मग चकत्या वेळेआधी बंद. वर्गात सगळ्यांत उंच असलेला मुलगा बारावीला सगळ्यांत बुटका.

आता मात्रेचं बोलू. प्रौढ पुरुषाचं शरीर दिवसाला 6-7 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, आठवड्याला 45 च्या आसपास. बाजारात 250 मिलिग्रॅमची मिश्र तेलकट कुपी मिळते. तिच्यातलं खरं टेस्टोस्टेरॉन 176 मिलिग्रॅम. (त्यातलं तेल शेंगदाण्याचं असतं. पौष्टिक म्हणावं असं तेवढंच.) आठवड्याला एक कुपी म्हणजे धडधाकट पुरुषाच्या चौपट, आणि जिममध्ये एकावर कोणी थांबत नाही. वर 'डेका', 'डायना' ही टेस्टोस्टेरॉनच्याच जातीची दुसरी औषधं, म्हणजे स्टिरॉइड, असतातच. वयात यायला खरोखर उशीर झालेल्या मुलाला उपचार म्हणून देतात ती मात्रा सुरुवातीला महिन्याला 50 मिलिग्रॅम, तीन ते सहा महिने, तीही हाडांचं वय बघून. जिममधल्या पोराला महिन्यात 1000 जातात. वीसपट!

बाहेरून इतकं आलं की पिट्युटरीला वाटतं, घरात धान्य भरपूर आहे. ती एलएच, एफएसएच बंद करते आणि वृषण आकसतात. शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते फक्त तिथलीच पेशी बनवू शकते; रक्तात भरलेलं तिथे पुरं पडत नाही. म्हणून रक्ताच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि वीर्याच्या रिपोर्टात शुक्रजंतू शून्य, असं कोडं दिसतं. 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं, गर्भनिरोधक म्हणून. निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले. मर्दानगीचं म्हणून विकलं जाणारं औषध म्हणजे मुळात नसबंदीचं, हे दंड दाखवणाऱ्या पोरांना कोण सांगणार? औषध सुटल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात, आणि वयात येण्याआधीच ज्याचं बंद पाडलं त्याचं कोडं आणखी अवघड.

इंजेक्शन चालू आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे, पालकांनी आणि वस्तादांनी लक्षात ठेवावी. मिसरूड आलं, आवाज घोगरा, पाठीवर-खांद्यावर दाट मुरुमं, अंग भरलं. पण अंडगोळी मात्र बोराएवढीच. स्वतःच्या कारखान्यातून आलेलं वयात येणं असं दिसत नाही, तिथे गोळी सगळ्यांच्या आधी वाढते. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलात हेच चित्र दिसलं तर मात्र इंजेक्शनचा संशय घेत बसू नये, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा दोष असू शकतो, लगेच तपासणी. नऊच्या आत केस किंवा लिंगाची वाढ मुलांमध्ये कधीही "लवकर मोठा झाला" म्हणून सोडून द्यायची नसते.

गोळ्यांच्या रूपातली स्टिरॉइड यकृतावर जातात. चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, हृदयाची भिंत जाड होते, रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं तर उपचाराचं टेस्टोस्टेरॉनही आम्ही थांबवतो, गुठळीच्या भीतीने. एकाच सुईने चौघांनी घेतलं तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका वेगळा. आणि अलीकडे जिमच्या पोरांत मेफेंटरमाईनच्या इंजेक्शनचं वेड आहे, ते तर हार्मोनही नाही. कमरेत भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब घसरला तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरायचं ते औषध. धडधाकट पोराने पळायच्या आधी घेतलं तर काय होईल, हे सांगायला नको.

छातीत गाठ येणं हा वेगळा विषय, पण पोरं त्यासाठी शर्ट काढायला लाजतात, तालीम सोडतात. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांच्या स्तनाग्राखाली बटणाएवढी दुखरी गाठ येते, कारण तेच, टेस्टोस्टेरॉनपासून झालेलं इस्ट्रोजेन. सहा महिने ते दोन वर्षांत जाते. दाबू नये, शेकू नये, पट्टे बांधू नयेत. दोन वर्षांनंतरही राहिली, किंवा सोबत अंडगोळी अगदी लहान आणि कडक असेल तर दाखवावं. स्टिरॉइड घेणाऱ्यांची गाठ मात्र अशी जाईलच असं नाही, अनेकदा कापून काढावी लागते.

लठ्ठ मुलाचं "लिंग लहान आहे" ही तक्रार घेऊन येणाऱ्या आयांसाठी एक वाक्य : पट्टी जांघेच्या हाडाला टेकेपर्यंत चरबी दाबून, लिंग ताणून मोजावं. बहुतेकांचं व्यवस्थित भरतं, चरबीत बुडालेलं असतं एवढंच.

उशीर कधी म्हणायचा? चौदा पूर्ण झाली आणि अंडगोळी अजून 4 मिलिलिटरच्या खाली. तेव्हाही पहिला प्रश्न बापालाच : तुमची दाढी कधी आली, तुम्ही उंच कधी झालात? "मी कॉलेजात गेल्यावर वाढलो" असं उत्तर आलं, तर बहुधा पोरगं बापावर गेलं आहे. मग डाव्या मनगटाचा एक्स-रे, त्यावरून हाडांचं वय कळतं. हाडं मागे असली तर वाढ अजून शिल्लक आहे, ही चांगली बातमी. सकाळी आठ-नऊच्या आत, उपाशीपोटी रक्त द्यावं; टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं. लॅबच्या कागदावर मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली असते, 300 ते 1000 च्या आसपास. तेरा वर्षांच्या मुलाचं 90 आलं की त्याच्यापुढे लाल बाण येतो आणि तो कागद घेऊन लोक थेट मेडिकलवर जातात. तो बाण त्या मुलासाठी नाही.

आणि मुलाला एक विचारावं : फोडणीचा, मोगऱ्याचा, घासलेटचा वास येतो का? वयात येण्याचा संदेश देणाऱ्या मेंदूतल्या पेशी गर्भात नाकाच्या भागातून मेंदूकडे सरकतात. काही मुलांत त्या वाटेतच अडकतात. मग वासही येत नाही आणि वयातही येत नाही. त्याला उपचार आहे, योग्य इंजेक्शनांनी पुढे मूलही होऊ शकतं. पण ती इंजेक्शनं वेगळी. अशाला थेट टेस्टोस्टेरॉन दिलं तर दाढी येईल, शुक्रजंतू येणार नाहीत.

वस्तादांना हात जोडून एक विनंती. चौदा वर्षांखालच्या गटात जो पोरगा चितपट करत सुटतो, तो पुष्कळदा जास्त तयारीचा नसतो, फक्त लवकर वयात आलेला असतो. हरणारा पोरगा दोन वर्षांनी त्याच्या बरोबरीला येतो, पण तोवर त्याने लंगोट खुंटीला टांगलेला असतो, नाही तर कुणी तरी त्याला कुपी दाखवलेली असते. जोड लावताना वजनाबरोबर पोरगं वयात कुठवर आलं आहे हेही बघावं. आणि कुस्तीत नाव करायला अंग दांडगंच लागतं असंही नाही : कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले ते बँटमवेट गटात, 57 किलोच्या आत.

खुराकाचं म्हणाल तर साठ किलोच्या, भरपूर मेहनत करणाऱ्या पोराला दिवसाला 90-100 ग्रॅम प्रथिनं पुरेशी. लिटरभर दुधात 32, चार अंड्यांत 24, मूठभर शेंगदाण्यांत आठ-दहा, बाकी डाळ-भाकरीतून येतं. डब्यातल्या पावडरीने बिघडत नाही, पण तिच्यात काय मिसळलंय याची खात्री देणारा दुकानदार भेटलेला नाही. झोप मात्र पैसे न लागणारं औषध. 2011 च्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. पहाटे चारला तालमीत हजर राहायचं आणि रात्री बारापर्यंत मोबाईल, या हिशेबात पोराची बॉडी होत नाही. स्वप्नात वीर्य गेल्याने ताकद जाते, ही तालमीतली समजूतही सोडून द्यावी. ते वयात आल्याचं लक्षण आहे, आणि त्याने टेस्टोस्टेरॉन खर्ची पडत नाही.

प्रशासनाकडे मागणी एकच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. मुलांच्या तपासणीत अंडगोळी चाचपणं कागदावर राहू नये, आणि सातवी ते दहावीसाठी पथकाकडे ती मण्यांची माळ असावी. स्टिरॉइडची इंजेक्शनं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा नियम आहेच. मेडिकल दुकानांच्या तपासणीत तो बघितला जावा.

ज्यांच्या पोराने आधीच घेतलं आहे त्यांनी मारझोड करू नये, आणि गुपचूप बंद करून मोकळंही होऊ नये. एकदम सुटल्यावर काही आठवडे थकवा आणि कमालीची उदासी येते, त्या काळात पोराला एकटं सोडायचं नाही. इंटरनेटवर सांगतात तशा 'रिकव्हरी'च्या गोळ्या स्वतः सुरू करू नयेत. तपासणीला येताना रिकामी कुपी सोबत आणावी. लेबल फाडलेलं असेल तरी आणावी. किती दिवस, किती कुप्या, कुठे टोचली, एवढं पोराने स्वतः सांगितलं तरी पुढचा अर्धा रस्ता सोपा होतो.

आपले,
ग्रंथीविकार आणि बालरोग या विषयांत काम करणारे काही डॉक्टर,
मिरज, जि. सांगली